आईची फायबरची न्हाणी

ऐंशीच्या दशकात मी दिघ्याजवळच्या एका शेडमध्ये फायबरग्लासचे टब बनवायचो. साच्यावर रंगाचा लेप, त्यावर काचेच्या धाग्यांची चटई, वरून रेझिन, मग रोलर. घरी आल्यावरही हातांची खाज जात नसे. टब हॉटेलांत जायचे. आमच्यापैकी कुणी त्यात कधी बसलं नव्हतं.

एकदा मालकांनी ॲक्रिलिकचा परदेशी टब आणला. "हात लावून बघा," म्हणाले. आमच्या टबासारखा तो गार लागेना. त्यांनी किल्लीने ओरखडा काढला आणि पॉलिशने घासून घालवलाही. त्याचा रंग आतपर्यंत एकच होता; आमचा रंग म्हणजे वरचा लेप, घासून घासून उडायचा. "पुढे हेच चालणार," मालक म्हणाले.

त्याच सुमारास आई मोरीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर ती चालू लागली, पण मोरीचा कठडा ओलांडता येईना, खाली बसता येईना. बायको तिला खुर्चीवर अंघोळ घालायची. आई तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून बसायची. "सून चांगली हाय," एकदा मला म्हणाली, "पन मना लाज वाटते रे."

ॲक्रिलिकमध्ये बिनकठड्याचं, बसायला ओटा असलेलं काही मिळेल का, असं मी मालकांना विचारलं.

"ते तयार साच्यातलंच घ्यावं लागतं. एका नगासाठी कोण साचा करणार?" ते म्हणाले. "फायबरचं तू हाताने कर की. माल इथलाच घे."

मी आईला स्टुलावर बसवून मापं घेतली आणि प्लायवूडचा साचा केला. तळाच्या लेपात बारीक वाळू मिसळली. ओट्याची कड जरा वाकडी झाली, ती तशीच राहिली. मग मोरीचा कठडा फोडून न्हाणी बसवली.

आईने आधी एक पाय टेकवून पाहिला. "घसरनार नाय ना?"

"नाही. वाळू आहे त्यात."

ती ओट्यावर बसली. बायको सवयीने तांब्या घेऊन पुढे झाली.

"तो मना दे," आई म्हणाली. "नि तुमी दोघं भायेर जा. दार लावा."

आम्ही बाहेर थांबलो. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मग आतून तिने हाक मारली, "ऊन पानी अजून हाय का?"

बायको हसत स्टोव्ह पेटवायला गेली.