आईंची जपानी गाडी

माझ्या सासूबाई आमच्याकडे आयर्लंडमध्ये लेटरकेनीला आल्या त्या तीन महिन्यांसाठी. २०२० चा फेब्रुवारी होता. नातीबरोबर थोडे दिवस घालवायचे, इकडची हिरवळ बघायची आणि आंब्यांच्या दिवसांत गावी परत जायचं, असा त्यांचा बेत होता. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि बेत तिथेच थांबला. सरकार व्हिसाची मुदत आपोआप वाढवत राहिलं आणि आई आमच्या घरात राहत्या झाल्या.

त्या गडहिंग्लजच्या बाजूला सरकारी नर्स होत्या. आयुष्यभर मोपेडवरून वाड्यावस्त्यांवर जाऊन त्यांनी बाळंतपणं केली. अंगाने काटक, आवाज मोठा, आणि तिकडच्या बायकांसारखं "मी जातो, मी करतो" असं बोलणं. इथेही पहिले काही महिने त्या रोज सकाळी स्वेटरवर रेनकोट चढवून नदीपर्यंत चालत जायच्या. भाषा येत नसताना आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना त्या माझ्यापेक्षा जास्त ओळखत होत्या.

ऑक्टोबरमध्ये मागच्या दाराच्या पायरीवर शेवाळावरून पाय सरकला आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन इथल्याच हॉस्पिटलमध्ये झालं. माझा नवरा तिथे डॉक्टर, पण त्याची ड्यूटी कोविडच्या वॉर्डात, त्यामुळे त्याच इमारतीत असून त्याला आईला भेटता येत नव्हतं. ऑपरेशन चांगलं झालं. खरी पंचाईत झाली ती घरी आल्यावर.

आमची गाडी होती छोटी, बुटकी. तिच्यात बसायचं म्हणजे खाली वाकून, पाय दुमडून आत सरकायचं. आईंना ते जमेना. पहिल्या तपासणीला नेताना नवऱ्याने काखेत हात घातले, मी पाय धरले आणि आम्ही त्यांना भर पावसात कसंबसं सीटवर ठेवलं. समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ मदतीला धावले आणि दोन मीटरचं अंतर आठवून फाटकातच थांबले. आई कळवळल्या, पण आवाज काढला नाही. परत आल्यावर खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "पोतं उचलल्यागत उचललंसा मला. आजवर मी माणसं उचलली. मी आता कुठंबी येणार नाही."

आणि खरंच त्या बाहेर पडेनात. फिजिओथेरपिस्ट बाई घरी येऊन व्यायाम शिकवून गेल्या. आई वॉकर धरून स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत चालायच्या आणि खिडकीशी बसून राहायच्या. हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. मोठ्या आवाजाचं माणूस घरात गप्प बसलं की घराला कसं वाटतं ते तेव्हा कळलं.

व्हीलचेअर चढवायची उताराची फळी असलेल्या गाड्या इथे मिळतात. मी एकीचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला.

"म्हंजे एका गाडीत बसवून दुसऱ्या गाडीत ढकलणार? मी काय सामान हाय?"

मला राग आला, पण त्यांचं चुकत होतं असं म्हणवेना.

मी तेव्हा नोकरी करत नव्हते. पुण्यात एका ट्रॅव्हल कंपनीत काम केलं होतं, इथे येऊन पाच वर्षं 'डॉक्टरांची बायको' होते. मुलीची शाळा, घर, आणि नुकतंच मिळालेलं ड्रायव्हिंग लायसन्स, एवढं माझं कर्तृत्व. एके दुपारी मुलगी तिच्या ऑनलाइन वर्गात असताना मी नेटवर शोधता शोधता एका जपानी व्हिडिओवर अडकले. उंच, चौकोनी गाडी. मागचं दार सरकलं, मधली सीट दाराकडे वळली, बाहेर आली आणि लिफ्टसारखी अलगद खाली उतरली. एक आजी तिच्यावर बसल्या, त्यांनी बटण दाबलं आणि सीट त्यांना घेऊन आत गेली. कुणी त्यांना हातही लावला नाही.

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. शोधल्यावर कळलं की जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी कंपन्याच अशा गाड्या बनवतात आणि वापरलेल्या गाड्या तिथल्या लिलावांत येतात. तिथेही गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात, म्हणजे सीट फूटपाथच्या बाजूलाच उतरणार. जणू आमच्याचसाठी.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो दमून आला होता.

"जगाच्या त्या टोकाची जुनी गाडी? न बघता, हात न लावता घ्यायची?"

"तू मला किती बघून घेतलं होतंस? दोनदा. तेही तुझ्या आत्यासमोर."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "बघ तुला जमतंय का," म्हणाला.

आमच्या मराठी ग्रुपवर मी विचारलं. पोर्टलीशला राहणाऱ्या एका मैत्रिणीने कळवलं की त्यांच्या गावाबाहेर एक माणूस आहे, तो जपानच्या लिलावातून लोकांना गाड्या आणून देतो. मी फोन केला. एजंट पन्नाशीचा असावा. बोलणं इतकं भरभर की पहिल्या फोनवर निम्मं मला समजलंच नाही. पण त्याने एक गोष्ट दोनदा सांगितली, आणि ती मला नीट कळली.

"गाडी मी आणतो, ते माझं काम. पण आधी इन्शुरन्स मिळतोय का बघा. तो नसेल तर ती गाडी तुमच्या दारात कोंबड्यांचं खुराडं होईल. इन्शुरन्स मिळाला की मला फोन करा. मग सगळं ग्रँड." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत झकास.

मग मी इन्शुरन्स कंपन्यांना फोन करत सुटले. प्रत्येक ठिकाणी तेच. गाडीचं मॉडेल सांगितलं की पलीकडे कीबोर्डची टकटक, मग "सॉरी, हे मॉडेल आमच्या यादीत नाही." काहींनी 'जपानहून' हा शब्द ऐकताच फोन आवरता घेतला. मुलगी शेजारी बसून ऐकायची आणि तिच्या पक्क्या आमच्या जिल्ह्याच्या, डोनेगॉलच्या इंग्रजीत म्हणायची, "मम्मी, यू साउंड टू पोलाइट."

एका लहान गावातल्या ब्रोकर बाईंनीही यादीचंच कारण सांगितलं, तेव्हा माझा संयम सुटला. मी म्हटलं, "मला एक सांगा, ही गाडी धोकादायक आहे म्हणून तुमच्या यादीत नाही, की कुणी ती यादीत घातलीच नाही म्हणून नाही?"

त्या मोठ्याने हसल्या. "हे मला कुणी विचारलंच नव्हतं. गाडी कुणासाठी हवीय?"

मी आईंबद्दल सांगितलं. पायरी, पाऊस, पोतं, सगळं. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. त्यांनी कंपनीतल्या वरच्या माणसाशी बोलून मंजुरी मिळवली होती. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच उडी मारली. कढईतलं कांदे-पोह्यांचं तेल तापून धूर निघाला तरी मला भान नव्हतं.

मग खरा खेळ सुरू झाला. लिलावाच्या आधी एजंट मला प्रत्येक गाडीचा एक कागद पाठवायचा. त्यावर गाडीचं चित्र आणि कुठे ओरखडा, कुठे पोचा, कुठे गंज याच्या खुणा. बाकी सगळं जपानीत. आम्ही आकडा ठरवायचा, लिलावात बोली त्याचा तिकडचा भागीदार लावायचा आणि आमची सकाळ उजाडेपर्यंत निकाल लागलेला असायचा. पहिली गाडी गेली. दुसरीही गेली. तिसरी मोतिया रंगाची होती, मला फार आवडली होती, पण एजंटने तिच्यावर बोलीच लावायला नकार दिला.

"ती बर्फाच्या प्रदेशातली आहे. रस्त्यावरच्या मिठाने खालून खाल्लेली असणार."

"पण चित्रात तर फार खुणा नाहीत."

"तुमच्या सासूबाई या सीटवर बसणार ना? मग माझं ऐका."

मी दिवसभर त्याच्यावर धुसफुसत राहिले आणि संध्याकाळी त्याला "ठीक आहे" असा मेसेज केला. त्याच्यावर विश्वास बसला तो त्या नकारामुळे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी पोळ्या लाटत असताना फोन वाजला. मेसेजमध्ये दोनच शब्द होते: "ती तुमची." जपानच्या दक्षिणेकडच्या, बर्फ न पडणाऱ्या गावातली फिकट हिरवी गाडी. म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या एका केंद्रात लोकांना आणायला-सोडायला वापरलेली. मी पिठाच्या हातानेच आईंकडे धावले.

"आई, मिळाली!"

"काय मिळाली?"

तोपर्यंत मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मी व्हिडिओ लावला. त्या टक लावून पाहत होत्या. सीट खाली उतरली तेव्हा त्यांनी चष्मा नीट केला.

"बटण कुणाच्या हातात हाय?"

"त्या आजींच्याच."

"हं," एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी खिडकीपर्यंतच्या फेऱ्या दुप्पट केल्या.

गाडी जहाजात चढली आणि आमच्या घराला एक नवा उद्योग मिळाला. जहाज कुठवर आलं ते नकाशावर दिसायचं. आई रोज विचारायच्या, "कुठं आली गं?" त्याच दिवसांत सुएझ कालव्यात एक भलंमोठं जहाज आडवं अडकलं आणि मागे सगळ्यांची रांग लागली. त्या रांगेत आमचंही जहाज होतं. मी डोक्याला हात लावून बसले. आईंनी टीव्हीवरचं चित्र बारकाईने पाहिलं.

"आडवं आलंय की हे," त्या म्हणाल्या. "घाबरू नगं. लई आडवी बाळं सोडवल्यात मी. निघंल."

आणि त्या हसल्या. नवरा आत येता येता दारातच थांबला. त्या पडल्यापासून त्याने आईला असं खदखदून हसताना पाहिलंच नव्हतं.

निघालं ते जहाज. गाडी डब्लिनला उतरली, तपासण्या झाल्या, तिला आयरिश नंबर मिळाला. मे महिन्यात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायची परवानगी मिळाली आणि मी बस, मग ट्रेन करत पोर्टलीशला पोचले. नवऱ्याला सुट्टी नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला एकटीलाच जायचं होतं.

एजंट प्रत्यक्षात बुटका, लाल गालांचा निघाला. त्याने गाडी धुऊन ठेवली होती. दारावर पुसलेल्या जपानी अक्षरांच्या पुसट कडा उन्हात दिसत होत्या. त्याने किल्ली फिरवली आणि गाडी एका गोड बाईच्या आवाजात काहीतरी लांबलचक बोलली.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"काही कल्पना नाही. मी आपलं रोज थँक्यू म्हणतो."

मग त्याने रिमोट माझ्या हातात दिला. सीट वळली, बाहेर आली, खाली उतरली. मी तिच्यावर बसले आणि वर गेले. मग पुन्हा खाली, पुन्हा वर. तो हाताची घडी घालून शांतपणे उभा होता.

इतकी मोठी गाडी मी कधी चालवली नव्हती. पहिला तासभर मी ट्रॅक्टरच्याही मागे राहिले. स्लायगो ओलांडलं तेव्हा खांदे सैल झाले. बार्न्समोरच्या खिंडीत धो धो पाऊस लागला, दोन्ही बाजूंचे डोंगर दिसेनासे झाले, आणि मी चक्क मोठ्याने गात होते. पुण्याहून आलेली, पाच वर्षं बाजूच्या सीटवर बसलेली मी, अर्धा देश ओलांडून जपानची गाडी घरी आणत होते.

घरी पोचले तेव्हा पाऊस थांबला होता. आई वॉकर धरून दारात उभ्या. नेसलेलं लुगडं नवं होतं, ते माझ्या लगेच लक्षात आलं. नवरा त्यांना धरायला पुढे झाला.

"तू सर बाजूला," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे हात पुढे केला. "बटण दे."

सीट खाली आली. त्यांनी ती एकदा हाताने दाबून पाहिली, पाठ फिरवली आणि बसल्या. बटण दाबलं. त्या वर जात असताना समोरचे म्हातारे गृहस्थ फाटकातून टाळ्या वाजवत होते. आईंनी त्यांना पुढाऱ्यासारखा हात केला. सीट आत वळली, दार सरकून बंद झालं. काच खाली करून त्या म्हणाल्या, "उभी काय ऱ्हायलीस? चल की."

पुढच्या तपासणीला आम्ही हॉस्पिटलच्या दारात थांबलो आणि त्या स्वतः उतरल्या. बाहेर सुट्टीत उभ्या असलेल्या दोन नर्स बघायला आल्या. आईंनी त्यांना सीट तीनदा खालीवर करून दाखवली. मोडक्या इंग्रजीत "आय नर्स, मी टू" असं सांगितलं आणि त्यांच्याशी बोलत बोलत आत गेल्या. मला मागून फाइल घेऊन पळावं लागलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही डोनेगॉलचा एकही किनारा सोडला नाही. रॅथमुलनला त्यांनी व्हिनेगर घातलेले चिप्स खाल्ले आणि "आंबट हाय, पण चालतंय" असा निकाल दिला. डनफॅनहीच्या वाळूत वॉकर रुतला तेव्हा नातीच्या खांद्यावर हात ठेवून पाण्यापर्यंत गेल्या. पाऊस असला तरी निघायचंच. तक्रार फक्त एक, की मी हळू चालवते.

एकदा आम्ही अगदी उत्तरेच्या टोकाला गेलो. रस्ता अरुंद होत होत संपला आणि पुढे नुसतं पाणी उरलं. मी गाडी थांबवली. लाटा खालच्या खडकांवर आपटत होत्या.

"पुढं काय हाय?" आईंनी विचारलं.

"पुढे समुद्रच, आई. रस्ता संपला."

त्यांनी काचेतून एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.

"मग गाडी वळीव," त्या म्हणाल्या, "आणि येताना दुसऱ्या वाटंनं ने."