आईच्या घोट्यामागचा खळगा

ठाकुर्लीच्या घरातून निघाले तेव्हा हातावरचं दही चाटलं आणि आईच्या पाया पडले. एरवी ती खांदे धरून उठवते. त्या दिवशी उभ्या उभ्याच म्हणाली, "ऊठ गं बाई, मला काही वाकता येत नाहीये." खाली टॅक्सीवाला हॉर्न बडवत होता. रोज संध्याकाळी तिची कंबर मीच तेलाने चोळायचे. आता कोण चोळणार, हाच विचार विमानतळापर्यंत मानगुटीवर.

इथे तैपेईत खुर्चीत बसून बसून माझीही कंबर धरली. आईचा वारसा, दुसरं काय! ऑफिसातली मैत्रीण मला सुया टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. दुखतेय कंबर, आणि बाईंनी सुई टोचली कुठे, तर पायात! बाहेरच्या घोट्याचं हाड आणि टाचेवरची जाड शीर, यांच्या मधल्या खळग्यात. म्हटलं, बाई चुकल्या की काय. त्या हसल्या. म्हणाल्या, या जागेचं नाव कुनलुन, चीनमधली डोंगररांग आहे ती. बोटभर खळग्याला पर्वताचं नाव, ऐका! सुईने बरं वाटलं की तासभर आडवं पडल्याने, देव जाणे. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. आईचा खळगा दाबून बघायला काय हरकत आहे?

रविवारी व्हिडिओ कॉल लावला. सुई राहू दे, नुसतं अंगठ्याने दाबायचं. "गरोदर बाईला मात्र तिथे दाबत नाहीत हं," मी बाईंची ताकीदही पोचवली.

"अगं मेले, साठी उलटली माझी!"

पण तिचा हात घोट्यापर्यंत पोचेचना. वाकता येत असतं तर दुखणं कसलं? एवढं साधं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "मग बाबांना सांग ना," म्हटलं, तर तिने पाय गाऊनमध्ये ओढून घेतले. "नवऱ्याच्या हातात पाय देऊ? पाप नको ते." मला रडूच आलं. तिथे माझा अंगठा हवा होता, आणि मी इथे.

बाबांनी चष्मा लावला आणि फतकल मारून खाली बसले. "लग्नात भटजींनी तुझ्या पायाचा अंगठा धरायला लावलेला, तेव्हा नाही लागलं पाप?"

मिसळणाच्या डब्याला टेकवलेला फोन आडवा झाला. मला नुसता पंखा दिसत होता.

"इथे?"

"नाही हो, जरा मागे. हां. अहो, हळू!"

मग आई हसली. मी लाइनवर आहे हे दोघंही विसरून गेले.

घर आठवतं का, असं तुम्ही सगळी मित्रमंडळी विचारता. आठवतं की. बाहेर पडलेल्या प्रत्येकाला वाटतं, आपल्यावाचून तिकडे अडत असेल. मलाही वाटायचं. त्या दिवशी माझं घर माझ्यावाचून चालताना ऐकलं. वाईट वाटलं, आणि हायसंही वाटलं. फोन काही मी ठेवला नाही. माझ्याच घोट्यामागे अंगठा दाबून तो पंखा बघत बसले.