दोन लॅब, एकच पट्टी

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी व्हायची, त्या खोलीत एक समुपदेशक ताई बसायच्या. आज मी पुण्यात नवरा-पोरीसोबत नांदते आहे ती त्यांच्यामुळे. माझी शाळा सातवीत सुटली, लिहिताना मागचं पुढं होतं. म्हणून त्यांचं आधी सांगितलं, माझं मागून.

पहिलं बाळंतपण माहेरी, बोरी अरबला व्हायचं होतं. पोरीनं घाई केली, सासरी पांढरकवड्यालाच आली. कापूस पडून होता, नवऱ्याची जिनिंगमधली हमाली निम्मे दिवस बंद. जवळचा म्हणून खाजगी दवाखान्यात बाळंत झाले. तिथं एचआयव्हीसाठी रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला, दोन रेघा उमटल्या. डॉक्टर म्हणाले, "पॉझिटिव्ह दिसते. खात्री करून घ्या. तोवर बाळाला अंगावर पाजू नका."

खात्री कशी करतात, हे आम्हाला कुठं ठाऊक? एका सोनाराचा भरवसा नसला की दुसऱ्याला दाखवावं, तसं सासूनं मला दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. तिथंही दोन रेघा.

"दोन जागी तेच निघालं, आता अजून काय पाहिजे?" सासू म्हणाली.

नवऱ्याचं रक्त चांगलं निघालं. मग तर काय! सासू शेजारणीला म्हणाली, "पोराले काही नाही, मंग हिले कुठून आलं वं?"

"माहेरून आंदण आणलं असन," शेजारीण हसली.

माझं ताट वेगळं झालं. दूध यावं म्हणून करतात ती खसखशीची खीर बंद झाली. छातीला लुगड्याचा पट्टा करकचून बांधला. पोरगी रडली की पट्टा ओला व्हायचा, अन् मी भिंतीकडे तोंड करून बसायची.

शेवटी नवऱ्यानंच यवतमाळच्या गाडीत बसवलं. ताईंनी दोन्ही रिपोर्ट पाहिले. पट्टी एकाच कंपनीची.

"काय वं बाई, एकाच विहिरीचं पाणी दोन घागरींत आणलं, अन् म्हणता दोन विहिरी पाहिल्या!"

मग समजावलं. ही पट्टी कधी कधी भलत्याच गोष्टीला फसते, बाळंतिणीच्या रक्तातही फसू शकते. जिथं एक फसली तिथं तिची बहीणही फसणार. म्हणून वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन तपासण्या करायच्या. माझ्या पहिलीत पुन्हा दोन रेघा आल्या, उरलेल्या दोन्हींत एकेकच, म्हणजे काही नाही. काही आठवड्यांनी परत बोलावलं, तेव्हाही तेच. मला एचआयव्ही नव्हता.

"ताई, आता पाजू?"

"पाज ना! काहून थांबली?"

पोरीला लावलं. तिनं ओढून पाहिलं, चिडली, तोंड फिरवलं. ताई म्हणाल्या, लावत राहा. मी लावत राहिले, पण थेंबाच्या पुढं कधी आलं नाही. आधीच यवतमाळला गेले असते तर, हे आजही मनातून जात नाही. पोरीला साधा खोकला झाला तरी मला वाटतं, त्या न मिळालेल्या दुधापायीच.

ताई नंतर एकदा घरी आल्या, सासूसमोर बसल्या.

"आमाले काय मालूम बाई, पट्टी खोटं बोलते म्हणून?"

"पट्टी खोटं नाही बोलत, आजी. पण तिला एकटीला विचारून कोणाचं ताट वेगळं करू नये."

दुसऱ्या दिवशी सासूनं खसखस वाटायला घेतली. दूध तर आटून गेलेलं.

पुढं ताईंची बदली झाली, आम्हीही गाव सोडलं. मी आता इथं बाळंतिणींची अन् बाळांची मालिश करते. ताईंना एक मुलगी आहे, तेव्हा ती शाळेत होती. तिचं बाळंतपण येईल तेव्हा ताई जिथं असतील तिथं मी जाईन. सव्वा महिना त्यांच्या लेकीचा शेक, न्हाणं, मालिश माझ्याकडे. तिच्या बाळाला पोटभर दूध मिळेल, हे मी पाहीन.