मामांनी घेतलेलं मोजायचं यंत्र

जगातल्या एकाही माणसावर विश्वास न ठेवता सत्तरी सुखरूप गाठता येते, याचा चालताबोलता पुरावा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. कुणाच्याही घरी चहा ते आधी हुंगतात, मग पितात. गुलमंडीच्या बाजारात घेतलेलं कापड घरी मामींच्या शिवणाच्या टेपनं मोजतात, आणि जास्त भरलं तर "जास्त का दिलं त्यानं?" म्हणून परत नेतात. धाकटा भाऊ शेजारीच राहतो. त्याच्याशी नऊ वर्षं अबोला. वाटणीत त्यानं अंगणात फूटभर जास्त लाटलं, असा मामांचा संशय. स्वतःचं अंगण त्यांनी लोखंडी टेपनं मोजलं होतं. भावाचं मात्र तो खुलताबादला गेला असताना, मामींच्या कापडी टेपनं. कारण लोखंडी टेप खडखडते आणि लोक ऐकतात.

यंदा मामांनी दावा लावायचं ठरवलं. पक्का पुरावा हवा म्हणून लेझरनं अंतर मोजणारं यंत्र घ्यायला निघाले. साक्षीला मी, जरी माझ्यावरही त्यांचा फारसा भरवसा नव्हता. दुकानदारानं शंभर मीटरचं दाखवलं. "स्वस्तातलं दाव. चाळीस फुटापुढं माझं कोण हाय?" मामा म्हणाले. मग आली तीन स्वस्त यंत्रं. मामांनी प्रत्येकानं काउंटरपासून कपाटापर्यंत मोजलं आणि खिशातली कापडी टेप लावून ताडून पाहिलं. तिन्ही यंत्रं टेपपेक्षा दोन इंच कमी दाखवीत होती.

"तिघं मिळालेले हायेत," मामा माझ्या कानाशी कुजबुजले.

दुकानदारानं टेपचं टोक त्यांच्यापुढं धरलं. "चाचा, आपकी टेप तीन से शुरू हो रई. पहले दो इंच गायब."

मामांनी त्यातलं सगळ्यात स्वस्त यंत्र घेतलं. घरी टेप पुढं टाकली, तर मामींनी शिवणावरून मानसुद्धा वर केली नाही. "टोक उसवलं व्हतं, कापलं म्या. मी दोन वजा करती. तुम्ही कवा इचारलं?"

टेप पाच फुटी. अंगणात सहादा टाकलेली. मामा बोटांवर हिशेब करीत बसले, सहा वेळा दोन इंच म्हणजे बरोबर फूटभर, मग यंत्र घेऊन तडक भावाच्या अंगणात गेले. मी मागोमाग. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडला. आकडा त्यांच्या अंगणाएवढाच. तोवर भाऊ दारात आला होता.

"तुझं माझं सारखंच हाय," मामा खाली बघत म्हणाले. "मला वाटलं, तू फूटभर लाटलंस."

"यापायी बोलत नव्हता व्हय दादा?" भाऊ म्हणाला. "मला वाटलं, आईच्या दुखण्यात माझंच कायतरी चुकलं. नऊ वर्षं तेच आठवीत बसलो."

मामांना यंत्र बंद करायचंही सुचेना. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. भावानंच हात धरून त्यांना आत नेलं, चहा पुढं ठेवला. मामांनी तो न हुंगता पिऊन टाकला.