झडप बंद असताना

स्टार्चच्या कारखान्यात हॉपरमध्ये, म्हणजे खाली झडप असलेल्या पत्र्याच्या मोठ्या नरसाळ्यात, पावडर अडकली, की ठोकेमामा रबरी हातोडा घेऊन धावत. पत्र्यावर चार दणके बसले, की पावडर भसकन खाली. हाताला अशी खोड लागली होती, की घरीही साखरेचा डबा, टेबल, स्वतःचा गुडघा, दिसेल ते ठोकत बसायचे.

आज ते लेकीचं दार ठोकत होते. तिच्या परगावच्या नोकरीला त्यांनी नाही म्हटलं, म्हणून ती आतून कडी लावून बसली होती.

"अहो, दार आहे ते, हॉपर नव्हे," बायको म्हणाली.

"सकाळपासून जेवली नाहीये ती." ते पुन्हा ठोकू लागले.

आतून आवाज आला, "बाबा, खालची झडप बंद असताना ठोकलं की पावडर आणखी घट्ट बसते, असं तुम्हीच सांगता ना?"

"मग उघड की झडप."

"ती तुमच्याकडे आहे."

बायको तोंड फिरवून हसली. मामांनी येरझाऱ्या घातल्या, खिडकी उघडली, लावली, परत दाराशी आले. वर गेलेला हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"निघायचं कधी आहे तुला?" त्यांनी विचारलं.

आतून कडी निघाली.