डिकीतला द्राक्षांचा मांडव

चहा घ्या, पण कप जरा सांभाळून धरा. हसताना सांडला तर मला बोलायचं नाही. भाचीच्या लग्नात मी अशी काही माती खाल्लीय की अजून दातात कचकचतेय.

माझी धाकटी बहीण मंगल. तिच्या थोरल्या लेकीचं, प्राजूचं लग्न होतं येवल्याला. मी एकुलता एक मामा, म्हणजे नवरीला बोहल्यावर न्यायचा मान माझा. रुखवतासाठी मंगलनं द्राक्षांचा मांडव करायला घेतला होता. तारांचा सांगाडा, त्यावर वेल, आणि वेलीला काजूच्या पिठाचे हिरवेगार घड. नाशिकची पोरगी येतेय हे येवलेकरांना कळायला नको? न्यायला टेंपो सांगू का, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "टेंपो कशाला? मी काय मेलोय का?"

कारण माझा मित्र नितीन. त्याचा पिंपळगावला द्राक्षं परदेशी पाठवायचा धंदा. त्यानं नुकतीच आलिशान गाडी घेतली होती. दिसायला रणगाडा, आणि नुसता पाय टेकवला की काटा शंभरावर. ती मी लग्नापुरती मागून आणली. टेप लावून डिकीची लांबी-रुंदी मोजली, मंगलला कळवली आणि वर सांगितलं, कर हवा तेवढा मोठा. उंची? अहो, एवढी धिप्पाड गाडी, तिची उंची कोण मोजत बसतं!

लग्नाच्या सकाळी वऱ्हाडाची बस पुढे गेली. मागे मी, मंगल आणि पैठणी नेसलेली नवरी. मांडव अलगद डिकीत ठेवला आणि मी ऐटीत बटण दाबलं. दार आपसूक खाली आलं, मांडवाला टेकलं आणि टुंटुं करत परत वर गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. गाडीची पाठ घसरगुंडीसारखी उतरती, आणि डिकीचा तळ चांगला वर उचललेला. मधे उरली जागा दोन बॅगांपुरती. मंगलनं एकदा मांडवाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ते फार लागलं मला.

मागची सीट आडवी केली, माझ्या शेजारची पार पुढे ओढली, तेव्हा मांडव मावला. पण आता नवरी बसणार कुठे? आणि नवरीची आई? शेवटी कॉलनीतल्या बाळूभाऊंना हाक मारली. ते बिचारे तसेच आले, टेंपोला कालच्या कांद्याचा वास. घट्ट बसलेला मांडव पुन्हा बाहेर ओढला तर घड गळतील, म्हणून तो गाडीतच राहिला. प्राजू पैठणी सावरत चढली आणि उलट मलाच धीर देत म्हणाली, "मामा, टेन्शन नका घेऊ. इथे पाय पसरायला जागा आहे."

मंगलनं मात्र खिडकीतून बजावलं, "दादा, महिनाभर राबलेय मी. एकही घड पडता कामा नये."

"सावकाश या मामा," बाळूभाऊ म्हणाले. "मी हाय पुढं."

आणि मी सावकाश आलो. किती सावकाश? निफाडपर्यंत झाडून सगळ्या रिक्षा मला मागे टाकून गेल्या. पुढे कांद्याचा एक ट्रॅक्टर गेला. ट्रॉलीवरच्या आजींना माझी दया आली असावी, त्यांनी हात हलवला. जरा पाय दाबला की गाडी झेपावायची आणि मागे घड झुलायचे. मग पुन्हा पाय वर. इंजिन सारखं गुरगुरत होतं आणि गतिरोधक दिसला की मी देवाचा धावा करत होतो.

विंचूर सोडलं आणि मंगलचा फोन आला. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, असं गुरुजी माईकवरून तिसऱ्यांदा सांगताहेत, तू आहेस कुठे? मी खरं ते सांगितलं. मागून प्राजूचा आवाज आला, "आई, मुहूर्त टळायला नको. ज्यांनी मला इथवर आणलं, तेच मला बोहल्यावर नेतील."

मी आरशात बघितलं, मागे घड झुलतच होते. पाय दाबायची हिंमत झाली नाही.

पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. घड मात्र एकही पडला नव्हता. विहीणबाई मांडवासमोर खिळून उभ्या राहिल्या, फोटोला रांग लागली. मंगलचा चेहरा असा फुलला की मला भरून आलं. स्टेजवर नवरीशेजारी बाळूभाऊ, डोक्याला फेटा, अंगावर मानाची शाल.

तेवढ्यात मुलाचे चुलते आले. मला पहिल्यांदाच बघत होते. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "फार जपून आणलीत गाडी. ड्रायव्हर मंडळींची पंगत मागे बसलीय, जेवून घ्या."

मी गेलो आणि जेवलो. जिलबी झकास होती. थोड्या वेळानं प्राजू नवऱ्याला घेऊन तिथंच पाया पडायला आली, माझे मामा म्हणून ओळख करून दिली. जावई माझ्याकडे बघायचे, मग स्टेजकडे बघायचे.

आता धाकटीचं जमतंय. स्थळ छान आहे, सगळे खुशीत आहेत. परवा मीच मोठ्या मनानं मंगलला म्हटलं, या वेळी टेंपो आधीच सांगून ठेव.

ती म्हणाली, "टेंपो सांगितलाय दादा. मामाचं तेवढं अजून ठरायचंय."