साडूभाऊंचे पाय

माझे थोरले साडू उद्या चंद्रावर उतरले, तर तिथेही आधी फार वेळ बसून राहिलेला माणूस शोधतील आणि त्याला उठवून चालायला लावतील, याबद्दल आमच्या मुलुंडच्या घरात दुमत नाही. त्यांच्या मते माणूस पोटरीवर जगतो. म्हणून स्वतः बसले तरी त्यांचे पंजे खालीवर, खालीवर चालूच. सत्यनारायणाच्या कथेत तसे आणि नाटकात तसेच. त्यांच्याच मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाचे वडील मानपानाचा विषय काढणार, तेवढ्यात हे म्हणाले, "मघापासून मांडी घालून बसलायत. एक फेरी मारून या, मग बोला." ते बिचारे पॅसेजमधून फेरी मारून आले आणि काय मागायचं होतं तेच विसरले. पण साडूभाऊंचा खरा राग पाय चेपण्यावर. कुणी कुणाचे पाय चेपताना दिसलं की चपला काढायच्या आधी त्यांचा आवाज घरात येतो, "हात काढ."

गावाहून रात्रभर बसमध्ये पाय दुमडून आलो आणि माझा डावा पाय सुजला. बायको कधी नव्हे ती कोमट तेलाची वाटी घेऊन बसली. साडूभाऊंनी नेमकी तेव्हाच येऊन वाटी उचलली आणि मला डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टर म्हणाले, शिरेत गुठळी असेल तर चेपल्याने सुटून फुप्फुसात जाईल, आजच डॉपलर करा. म्हणजे सोनोग्राफीच, फक्त शिरांची. "मी येतो," साडूभाऊ म्हणाले. मी एकटा गेलो, कारण मी शूर.

अंगात मुलाची निमुळती जीन्स होती. तिच्या आत जे होतं त्यावर बदकं होती, आणि तेही मुलानेच नाकारलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पँट काढायला सांगितली. उजवा पाय सुटला. सुजलेला डावा गुडघ्याखाली अडकला तो अडकलाच. बाहेर रांग, आत बदकं. बाईंनी सुटलेल्या पायाकडे बोट दाखवून विचारलं, "दुखतो तो हाच ना?" मी म्हटलं, "हाच."

यंत्र दाबलं की चांगली शीर मिटते, गुठळी असली तर मिटत नाही. माझ्या उजव्या पायाच्या शिरा शाळेतल्या हुशार मुलांसारख्या पटापट मिटल्या. येताना मी पेढे घेतले.

साडूभाऊंनी रिपोर्ट वाचला, मग माझ्या पायांकडे पाहिलं आणि ते थेट मालवणीवर आले.

"मेल्या, सुजलो खंयचो नि दाखवलंस खंयचो?"

त्यांनी कात्री आणून जीन्स उभी फाडली, वर त्यांची लुंगी गुंडाळली आणि मला रिक्षात घातलं. या वेळी बाईंनी डाव्या मांडीवर यंत्र दाबलं. पडद्यावरची शीर मिटली नाही. पुन्हा दाबलं. बदकांकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

व्हीलचेअरवरून बाहेर आलो. फाटक्या जीन्सची नीट घडी मांडीवर घेऊन साडूभाऊ बाकावर बसले होते.

"गुठळी आहे," मी म्हटलं. "पण वेळेत सापडली. ॲडमिट करतायत."

त्यांनी मान हलवली. मग घडीकडे बघत म्हणाले, "माझ्या भावाचो असोच सुजललो. आये म्हणाली, चेप. मी चेपलंय. चांगलो जोर लावन."

मला डॉक्टरांचं फुप्फुसाचं बोलणं आठवलं. मी खाली पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे पंजे गप्प होते.

"साडूभाऊ," मी म्हटलं, "पाय."

उजवा पंजा लगेच हलला. डाव्याला वेळ लागला.